मिरचीच्या हंगामातला आवाज

आमच्याकडे हिवाळा आला की आधी शिंक येते. थंडी मागाहून, स्वेटर शोधायला लावत, सावकाश येते. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोच गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची पसरली जाते, आणि वारा फिरला की अख्खं नंदुरबार एकदम शिंकतं. नवा माणूस बसमधून उतरतो, खोकत खोकत विचारतो, इथे काही जळतंय का? आम्ही म्हणतो, नाही हो, सुकतंय.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं रान. नजर जाईल तिथवर लाल. बाहेरगावचे लोक गाडी थांबवून फोटो काढतात, कोणी नवं जोडपं त्या लालीसमोर उभं राहून हसतं. मला ती मिरची कधीच सुंदर दिसली नाही. मिरची मारते. आधी नाकाला, मग डोळ्यांना, मग नखांच्या कडांना. देठ खुडायला बसलेल्या बाया दिवसभर आपल्या लेकराच्या तोंडाला हात लावत नाहीत; रडलं तर कोपराने जवळ ओढून घेतात. संध्याकाळी त्यांचे पंजे मनगटापर्यंत भाजल्यासारखे लाल असतात आणि तेल लावल्याशिवाय त्यांना भाकरी थापता येत नाही. यंदाही हंगाम लागला, आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींना तो वास चढला, आणि माझ्या मानेतली एक शीर आपोआप ताठ झाली. इतक्या वर्षांनीही होते. मी तिला काही म्हणत नाही.

आमचं जुनं घर पथारीच्या काठावरच होतं. बापू, म्हणजे माझे वडील, मिरचीचे व्यापारी. घर गावाबाहेर, शेजार नाही, मागे विहीर, पुढे मिरची. आणि माजघरातल्या खिडकीत तो स्टिरिओ. रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेला रिसीव्हर; चंदेरी तोंड, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, काचेआड हिरवा उजेड आणि आवाजाचं जाडजूड बटण. बापूंनी सुरतेहून कोणाकडून तरी वापरलेला आणला होता. दोन स्पीकर भिंतीला टेकवलेले, एवढे उंच की मी त्यांच्या मागे उभी राहिले तर दिसायची नाही. तालुक्यात असा दुसरा नाही, असं बापू येईल त्याला सांगायचे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्याच्यावर विणलेला रुमाल असायचा. मिरचीचा हंगाम लागला की रुमाल निघायचा.

लोक म्हणायचे, तुमच्याकडे गाण्याची भारी हौस. खरंच म्हणायचे. रस्त्याने जाणारा सायकलवाला थांबून ऐकायचा. कोणाला कळायचं नाही की बाकीच्या आठ-नऊ महिन्यांत ही हौस जाते कुठे. सांगते. बाकीच्या महिन्यांत बापूंना गाण्याची गरज नव्हती. गावाबाहेरच्या घरात बाईमाणूस किंचाळलं तर ऐकणार कोण, विहीर? हंगामात मात्र ओसरीवर, अंगणात, खिडकीखाली, सगळीकडे देठ खुडणाऱ्या बाया बसलेल्या. तळोद्याकडच्या, अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या, काही जवळपासच्या पाड्यांवरच्या. एवढ्या कानांच्या मधोमध बायकोला मारायचं तर आडोसा हवा. बापूंनी तो आडोसा गाण्याचा केला होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. आमच्याकडे तोंड दाबायचं काम स्टिरिओ करायचा.

भाजीत मीठ कमी, हे कारण असायचं. बाजारात भाव पडला, हे कारण असायचं. कारण नाही, हेही कारण असायचं. बापू घरात येऊन चपला काढायचे, खिडकीपाशी जायचे आणि बटण उजवीकडे फिरवायचे. मला त्या फिरण्याची खूण माहीत होती. थोडं फिरवलं तर गाणं ऐकायचंय. भांडी थरथरायला लागली की पाटी-दप्तर उचलून मी मोरीत जायचे, कारण आमच्या घरात आतून कडी असलेली तेवढीच जागा होती. तिथे बादलीवर बसून मी कडव्यांवर लक्ष ठेवायचे. गाणं संपून दुसरं लागायचं आणि मधल्या फटीत चामडी पट्ट्याचा आवाज यायचा. मायचा आवाज कधीच यायचा नाही. ती दातात पदर धरायची, हे मला पुढे कळलं.

मी बापूंचा द्वेष केला. इथे साधं लिहिते, कारण ललित लिहिणारे लोक अशा जागी "एक अनाम सावली" वगैरे लिहितात आणि मला त्या सावल्यांचा राग येतो. द्वेष केला आणि बापू गेले तेव्हा तो त्यांच्यासोबत गेला नाही. माझ्याकडेच राहिला, घरजावयासारखा.

बापू गेल्यावर माय माझ्याकडे राहायला आली. येताना एक वळकटी, देवाचा टाक आणि गोणपाटात शिवलेलं एक जड बोचकं. ते पलंगाखाली सरकवताना गोणपाटाच्या फटीतून मला स्टिरिओचं चंदेरी तोंड दिसलं. मी म्हटलं, हे कशाला आणलंस? ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी शाळेत शिकवते, वर्गात माझ्या जिभेला पोरं पट्टीपेक्षा जास्त भितात. पण मायच्या "ऱ्हाऊ दे"पुढे माझी जीभ चालत नाही. राहिलं ते पलंगाखाली, वर्षानुवर्षं.

मायची एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना सवयीची झाली होती. आता लग्न म्हणजे डीजे. पिकअप गाडीवर भिंतीएवढे स्पीकर रचतात, आणि ते गल्लीच्या टोकाला आले की इकडे काचेच्या कपाटातली भांडी नाचतात. पहिला दणका बसला की माय हातातलं काम टाकते, डावा हात डोक्यावर घेते आणि मोरीत जाऊन आतून कडी लावते. वरात गेली की बाहेर येते, पाय धुतले असं दाखवते. माझ्या लग्नात तिने सनईवाल्यांचा भोंगासुद्धा बंद करायला लावला होता. पुतण्यांच्या, भाच्यांच्या एकाही लग्नात ती मांडवात बसलेली नाही. "म्हातारीला गर्दी सोसत नाही," असं आम्ही सांगतो. लोक मान हलवतात आणि लाडू घेतात.

यंदा माझ्या लेकीचं, गौरीचं लग्न आहे. याच हंगामात. नवऱ्याकडच्यांनी डीजे आधीच ठरवला. गौरीच्या मैत्रिणी तर रोज संध्याकाळी गच्चीवर नाच बसवतात. आणि अशा धावपळीत एका सकाळी मायने पलंगाखालून बोचकं बाहेर ओढलं, गोणपाट उसवलं आणि मला म्हणाली, "निमू, हाई नीट करी आन."

घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. लग्नाने आमचे सगळे डबे आधीच हलके केले होते आणि हिला भंगार दुरुस्त करायचं होतं. मी म्हटलं, गाणी ऐकायचीत तर छोटा स्पीकर आणते, मोबाईलवर चालतो, स्वस्त पडतो. ती म्हणाली, हाच. मी म्हटलं, हा घरात वाजला तर मी घर सोडीन. ती म्हणाली, हाच. मग माझं डोकं फिरलं. त्या चंदेरी तोंडाकडे बघता बघता माझ्या कानात पट्टा वाजायला लागला. मी ओट्यावरून खलबत्त्यातला बत्ता उचलला. लोखंडी, आजेसासूबाईंच्या वेळचा. एक घाव काचेवर, एक त्या हिरव्या उजेडाच्या जागेवर, मग फळ्यांवर. सगळं डोक्यात ठरलं होतं आणि हात वर गेलाही होता.

माय त्या खोक्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी त्याला कवटाळून, मान खांद्यात ओढून, डोळे मिटून. ती मुद्रा मला पाठ होती. फक्त आजवर ती मी दाराच्या फटीतून, खालच्या बाजूने पाहिली होती. वरून, हात उगारलेल्या माणसाच्या जागेवरून, पहिल्यांदाच पाहत होते.

"मार," ती तशीच म्हणाली. "तुन्हा बाप बी असाच हात उचले."

बत्ता मी खाली ठेवला. ठेवला म्हणजे हातातून सुटला, माझ्याच पायावर. अंगठ्याचं नख अजून काळं आहे.

माय उठून बसली, पदर सारखा केला आणि माझ्या पायाकडे न बघता सांगू लागली. "गौरीना लगनमा डीजे वाजी. माले मांडवमा बसनं शे, मोरीमा नही. या खोकानीच माले भ्या लाई दी, आते यानीच ते काढनं. मी रोज थोडंथोडं ऐकसू. सवय करसू."

मी अंगठा धरून रडले. दुखत होतं म्हणून रडतेय असं आम्ही दोघी धरून चाललो.

नंदुरबारच्या दुकानदारांनी खोकं उघडायच्या आधीच हात जोडले. एक म्हणाला, ताई, शोपीस करा, वर कुंडी ठेवा. शेवटी कोणीतरी तळोद्याच्या एका कारागिराचं नाव सुचवलं. तो डोंगरातल्या बँडवाल्यांचे अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. होळीच्या आणि लग्नांच्या हंगामात ते लोक मशिनं रात्रंदिवस जाळतात आणि हा पुन्हा उभी करतो. माय म्हणाली, मी बी येस. मग मी, माय आणि मांडीवर तो स्टिरिओ, असे एसटीने तळोद्याला निघालो. वाटेत हातोड्याच्या पुलावर बस हळू झाली, खाली तापीचं पाणी संथ पसरलेलं. माझ्या मनात आलं, खिडकी उघडी आहे. मायने गोणपाटाचं टोक आपल्या मुठीत धरलं. तिला माझा भरवसा नव्हता, आणि बरोबरच होतं.

दुकान बाजारपेठेच्या टोकाला, डोंगरात जाणाऱ्या जीपा जिथे भरतात तिथे. कारागीर माझ्याच वयाचा, पानाने तोंड भरलेला, आणि बोलणं असं की दर वाक्यात आपलं कौतुक. त्याने झाकण उघडलं, आत डोकावला आणि "कचरा भरेल शे नुस्ता," म्हणत हवेचा ब्लोअर हातात घेतला. मायने शांतपणे पदराची घट्ट घडी करून नाक-तोंड बांधलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याने ब्लोअर चालू केला आणि आमच्या जुन्या घराचे सगळे हंगाम एकदम बाहेर आले. खिडकीतल्या त्या पेटीच्या जाळीतून वर्षांमागून वर्षं आत जाऊन बसलेली मिरचीची भुकटी होती ती. लाल ढग उठला. कारागीर पान थुंकायलाही सवड न सापडता वाकला आणि खोकतच राहिला. जीपमध्ये बसलेली माणसं टपाटप खाली उतरली, एक बकरी दावं तोडून पळाली, समोरचा भेळवाला शिव्या द्यायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा. माझे डोळे सुजले, नाकाला धार लागली, छातीत जाळ झाला. मेल्यावरही बापूंचा हात आमच्यापर्यंत पोचतो, असं मला वाटलं आणि खोकता खोकता मला एवढा संताप आला की मी त्या खोक्याला लाथ घातली. काळ्या नखाच्या पायाने. पुन्हा कळवळले.

"काय भरेल शे वं माय यामा?" कारागीर डोळे पुसत ओरडला.

"मिरची," माय पदराआडून म्हणाली. "आमनी."

ढग बसल्यावर त्याने निदान केलं. आतलं बहुतेक सगळं गेलेलं. मूळचे सुटे भाग शोधायचे तर सुरतेच्या जुन्या बाजारात खेटे घाला, आणि मिळतील तेही असेच मरायला टेकलेले. त्यापेक्षा आतलं काढून टाकू, बाजारात तयार पट्टी मिळते अॅम्प्लिफायरची, ती बसवू. खर्च कमी आणि आवाज दणकट. मागून मोबाईलची वायर लागेल. जुन्या घरातले स्पीकर उंदरांनी कधीच खाल्ले होते, तर एका बँडचे उतरवलेले दोन तो स्वस्तात देणार होता. "खोकं तेच ऱ्हाई," तो मायला म्हणाला, "पन जीव नवा." मायने मान हलवली.

मग त्याने त्या चंदेरी तोंडावर मधोमध बोट ठेवलं. तिथे नुसती एक लोखंडी दांडी बाहेर आलेली होती. "आन् आवाजनं बटन कोठे शे? हाई दांडीवर आतेना बटन बसत नही. कंट्रोल बी बदलनं पडी."

ते बटण झटापटीत तुटून हरवलं, असं मी जन्मभर समजत होते. बापूंनी नंतर माजघर, ओसरी, अंगणातली मिरचीसुद्धा चाळून काढली होती त्याच्यासाठी. सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मायने कमरेची चंची सोडली. पानाचा कप्पा, सुपारीचा कप्पा, चुन्याची डबी. सगळ्यात आतल्या कप्प्यातून तिने ते बाहेर काढून त्याच्या टेबलावर ठेवलं. चंदेरी, जाडजूड, कडेला बारीक खाचा. बोटांनी हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं.

ते बटण हरवलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि मी अंगणात गिंबीबाईजवळ बसून देठ खुडत होते. गिंबीबाई बायांची मुकादम. धडगावच्या वाटेवरच्या कुठल्याशा पाड्यातली, उंच, हाडापेराची, मोजकं बोलणारी. आत स्टिरिओ मोठा झाला आणि मी उठायच्या आधीच गिंबीबाईने कोपराने मला आपल्याकडे ओढलं, लेकराला ओढतात तसं. म्हणजे तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असावं. भांडी थरथरत होती, बाया खाली मान घालून देठ खुडत होत्या, कात्र्यांसारखी बोटं चालत होती. मी पुष्कळदा विचार केला आहे की तो आवाज बाहेरच्यांना फसवण्यासाठी होता की त्यांच्या सोयीसाठी. गाणं वाजत होतं तोवर न ऐकल्याचं सोंग प्रत्येकाला करता येत होतं. रस्त्यावरच्या सायकलवाल्यालाही.

आणि मग गाणं एकाएकी बारीक झालं. बंद नाही झालं. भिंतीपलीकडे कोणी गुणगुणावं एवढं उरलं. त्या शांततेत पट्ट्याचा आवाज आला. पुन्हा आला. आत बापू चढायला लागले होते, त्यांना थांबता येत नव्हतं. बाहेर बायांची बोटं थांबली होती. मायने केलं होतं ते. बापू केस धरून ओढत असताना तिने डोकं झाकायला हात वर नेला नाही, तो बटणाकडे नेला आणि ते डावीकडे पिळलं.

गिंबीबाई उठली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्या. चपला काढल्या नाहीत, पाय पुसले नाहीत, ज्या घरात त्यांना ओसरीच्या आत कधी कोणी बोलावलं नव्हतं त्या माजघरात त्या शिरल्या. मी पायांमधून वाट काढत मागे. बापूंच्या एका हातात मायचे केस, दुसऱ्यात पट्टा. "ए शेठ! सोड तिले," गिंबीबाई म्हणाली. बापूंनी पट्टा तिच्यावर उगारला. ती बाजूला झाली नाही.

"आमरा हात देख, शेठ," असं म्हणून तिने आपले दोन्ही पंजे त्यांच्या तोंडावर ठेवले. ताप बघावा तसे. आणि मग चोळले. डोळ्यांवर, नाकपुड्यांत, ओठांवर. बापू किंचाळले. ते मागे पडले तसे दुसरे हात आले, तिसरे आले. सकाळपासून ओल्या मिरचीत बुडालेले, आगीसारखे हात. मानेवर, कानांत, उघड्या तोंडात. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही, नुसते चोळत होत्या, पिठाला तेल लावावं तशा. माझ्या बापाचं तोंड सुजून लाल होताना मी पाहिलं, आणि मला आनंद झाला. टाळ्या वाजवाव्या असा. आजही ते आठवलं की होतो, आणि त्याची लाज मला कोणी शिकवू नये.

बापू धडपडत अंगणातल्या पाण्याच्या टाकीकडे पळाले आणि तोंडावर पाण्याचे हबकेच हबके मारू लागले. मिरचीला पाणी लावलं की ती आणखी पेटते, तेल लावावं लागतं, हे आमच्याकडे रांगत्या पोराला ठाऊक असतं. मिरचीवर घर बांधलेला माणूस ते विसरला. त्यांचं ओरडणं पार पथारीच्या टोकापर्यंत गेलं. झाकायला गाणं नव्हतं.

आमच्याकडे रीत होती की दिवस मावळला, काम सुटलं की मालकीणबाईने खुडणाऱ्या बायांच्या हातावर तेल घालायचं. त्या दिवशी दुपारच होती. तरी माय आतून तेलाची बुधली घेऊन आली. ओठ फुटलेला, एक डोळा मिटलेला. टाकीपाशी बापू लोळत होते, "तेल आन, तेल," म्हणत होते. ती त्यांच्यावरून पुढे गेली आणि अंगणात ओळीने बसलेल्या एकेकीच्या पंजांवर तेलाची धार धरत गेली. घाई केली नाही. सगळ्यांचं झाल्यावर बुधलीत खाली जे उरलं, ते बापूंच्या पुढ्यात ठेवलं.

तेल घालताना ती एकच हात वापरत होती. दुसरी मूठ घट्ट मिटलेली, पोटाशी धरलेली. मला वाटलं, हात मोडला की काय. तळोद्याच्या दुकानात, जळत्या डोळ्यांनी त्या गुळगुळीत बटणाकडे बघताना मला ती मूठ आठवली.

त्यानंतर बापूंनी कधी हात उचलला नाही, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. उचलला. पण आखडता. बटणाशिवाय नुसती दांडी त्यांनी पक्कडीने फिरवून पाहिली. दोन दिवस खरखर आली, मग पेटी मुकीच झाली. दुरुस्तीला का टाकली नाही, ते मला विचारू नका. मी त्यांच्या डोक्यात राहायला गेले नव्हते. गावात त्यांनी सांगितलं, मिरचीच्या ढिगावर पडलो. बायांना कामावरून काढायची धमकी दिली, पण हंगाम ऐन भरात होता आणि माल सडला असता. पुढच्या प्रत्येक हंगामात गिंबीबाई आली, आणि भिंतीकडे पाठ करून, तोंड आमच्या दाराकडे करून बसली. ती आली की माझी झोप सुधारायची.

परवा तळोद्याहून फोन आला आणि स्टिरिओ घरी आला. कारागिराने जुनं कंट्रोल स्वच्छ करून तेच ठेवलं होतं, बटण बसावं म्हणून. गौरी बाजारात गेली होती. दुपारचं ऊन खोलीत आलेलं, खिडकी उघडी, पथारीकडून तो वास. मी वायर जोडली आणि मायला विचारलं, काय लावू? तिने गौरीच्या नाचातलं गाणं सांगितलं, तेच ढाणढाण वाजणारं, "मांडवमा वाजी ते."

माय खुर्ची ओढून समोर बसली. बटण दांडीवर दाबून बसवलं आणि उजवीकडे फिरवलं. अगदी थोडं. गाणं उंदरासारखं बाहेर आलं. ती ऐकत बसली. मग आणखी थोडं. "आखो," ती स्वतःलाच म्हणाली. कपाटातला एक पेला किणकिणला. तिचे खांदे वर गेले, मान आत गेली आणि डावा हात आपोआप उठून डोक्यावर आला. मला वाटलं, संपलं. आता ती उठेल. पण उजवा हात बटणावरून निघाला नाही.

"आखो."

भांडी थरथरायला लागली. भिंतीवरची दिनदर्शिका हलली. तो तोच आवाज होता, तेवढाच, मला तो ओळखू येतो. शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी डोकावलं. माय डोळे मिटून, दातात पदर धरून बसली होती, आणि डावा हात अजून डोक्यावरच होता. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. कुठल्या तरी क्षणी तिने दातांतला पदर सोडला. मग हात डोक्यावरून खांद्यावर आला, खांद्यावरून मांडीवर उतरला आणि तिथे पडून राहिला. गाणं संपलं. मधली फट आली. त्या फटीत काहीही वाजलं नाही. बाहेर कोणी तरी शिंकलं, एवढंच.

मायने डोळे उघडले. "दख," ती म्हणाली, "नुस्तं गानं व्हतं."

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्या शेजारी नाही. मी मोरीच्या आत उभी होते आणि माझा हात कडीवर होता. केव्हा गेले, मला माहीत नाही.

माय माझ्याकडे वळून बघत होती. तिने पायाने दुसरी खुर्ची पुढे ढकलली.

"ये पोरी," ती म्हणाली. "मन्हा जोडे बठ. आखो एकदाव लावू."